गडगडाट सुरू झाला की घरातलं नेमकं काय काय बंद करायचं?

राजगिरा
वळवाचे दिवस आलेत. दुपारी चारनंतर सिंहगडाच्या बाजूने काळं व्हायला लागतं, वारा सुटतो, धूळ डोळ्यात, आणि मग पाऊस येवो न येवो कडकडाट मात्र येतोच. आमच्याकडे (कर्वेनगर, तिसरा मजला, बिल्डिंग वीसेक वर्षं जुनी) अशा वेळी घरात दोन पार्ट्या पडतात. सासूबाई पहिल्या गडगडाटाला उठतात आणि टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांची बटनं बंद करत फिरतात, वर आरशावर टॉवेल टाकतात. नवरा म्हणतो एमसीबी (बोर्डातले आपोआप पडणारे स्विच) आहेत, अर्थिंग आहे, हे सगळं जुन्या काळचं झालं. आणि मी घरून काम करते त्यामुळे मीटिंगमध्ये बोलत असताना मागून कोणीतरी राउटर बंद केला की माझ्या डोक्यात जाते ती वीज वेगळीच.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय की बटन बंद केलं की पुरतं का, का प्लग काढायलाच पाहिजे? एमसीबी अशा वेळी काही करतो का? लॅपटॉप चार्जिंगला लावून काम केलं तर चालतं का? आणि आंघोळ करू नये म्हणतात त्यात तथ्य किती?

खवचट_खविस
सासूबाईंचं ऐका. विजेचं माहीत नाही, घरात कडकडाट होणार नाही.

मिसळ_विदाऊट_पाव
आमच्याकडे तर मेन स्विचच पाडतात. मग अंधारात बसून सगळे मोबाईलवर 'तुमच्याकडे लाईट आहे का' विचारत बसतात.

ओहमचा_चेला
इलेक्ट्रिकल कन्सल्टंट म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त, त्यामुळे लिहायला वेळ आहे, सहन करा.

बटन बंद असतं तेव्हा आतल्या दोन पत्र्यांमध्ये काही मिलिमीटरची फट असते. आपल्या २३० व्होल्टला तेवढी भरपूर झाली. पण हवेतली एक मिलिमीटर फट ओलांडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि वीज थेट तुमच्या घरावर नाही, नुसती जवळच्या लाईनवर किंवा लाईनच्या आसपास पडली तरी वायरवर येणारा सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, हजारो व्होल्टची असू शकते. तो ती फट सरळ उडी मारून जातो. शिवाय बटन फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतं, न्यूट्रल (परतीची तार) आणि अर्थ तसेच टीव्हीला जोडलेले राहतात. त्यामुळे सासूबाईंची भावना बरोबर, पद्धत अपुरी. प्लग सॉकेटच्या बाहेर, हातभर लांब. आणि हे वादळ लांब असतानाच करायचं. डोक्यावर कडकडाट चालू असताना प्लग ओढत फिरायचं नाही, तेव्हा गेला टीव्ही तर गेला.

एमसीबीचं म्हणाल तर तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. त्याला पडायला काही मिलिसेकंद लागतात, आणि विजेचा सर्ज मायक्रोसेकंदांत येऊन जातो. चोर पळून गेल्यावर शिट्टी फुंकणारा हवालदार म्हणा. आरसीसीबी (लोक अजून ईएलसीबी म्हणतात) हा ३० मिलिअँपियरच्या गळतीला पडतो, तो माणसाचा जीव वाचवायला आहे, टीव्ही वाचवायला नाही. दोन्ही घरात पाहिजेतच, पण विजेवरचा उपाय म्हणून नाही.

राजगिरा
बापरे, म्हणजे सासूबाई निम्म्या बरोबर आणि नवरा पूर्ण चूक! हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

नवरा_पार्टी
एका पुरुषाचा संसार मोडतोय आणि लोक इथे मिलिमीटर मोजतायत.

धायरीकर
आमच्याकडे गेल्या वर्षी मे महिन्यात वादळात विंगमधल्या बऱ्याच जणांचे टीव्ही, राउटर, एकाच्या एसीचं पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) असं सगळं एका दणक्यात गेलं. बिल्डिंगवर लायटनिंग अरेस्टर आहे, गच्चीवर काटा उभा दिसतो रोज. मग त्याचा उपयोग काय? सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून एवढी भांडणं झाली की सेक्रेटरीने ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून टाकला.

ओहमचा_चेला
@धायरीकर, एक विचारतो. सामान जायच्या आधी किंवा जाताना कोणाकडे दिवे एकदम भगभगीत आणि कोणाकडे मिणमिणते असं झालं होतं का? पंखे सुसाट फिरले?

धायरीकर
हो! आमच्याकडे ट्यूबलाईट फडफडायला लागली आणि समोरच्या काकूंकडे पंखा हेलिकॉप्टरसारखा. तुम्हाला कसं कळलं?

ओहमचा_चेला
कारण ती वीज पडलेली नव्हती हो, न्यूट्रल तुटला होता. माझ्या बघण्यात 'वीज पडून टीव्ही गेला' म्हणून सांगितलेल्या केसेसमध्ये हा प्रकार फार निघतो.

बिल्डिंगला तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजच्या मध्ये ४०० च्या आसपास. वादळात फांदी पडते, तारा एकमेकींवर आपटतात, नाहीतर मीटर रूममधला आधीच सैल असलेला, काळा पडलेला न्यूट्रलचा जोड एवढ्या हिसक्याने सुटतो. न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं ४०० व्होल्टच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्याच्याकडे लोड जास्त त्याला व्होल्टेज कमी मिळतं, ज्याच्याकडे लोड कमी, म्हणजे नुसता टीव्ही आणि राउटर चालू, त्याच्याकडे तीनशे-साडेतीनशेपर्यंत जाऊ शकतं. गंमत म्हणजे काटकसर करणाऱ्याचं सामान आधी जळतं.

यावर लायटनिंग अरेस्टर शून्य कामाचा. दिवे असे कमीजास्त झाले की विचार न करता मेन बंद करा आणि १९१२ ला कळवा. मीटर रूममध्ये स्वतः हात घालू नका. कायमचा उपाय म्हणून डीबीत (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसतो, ठरावीक मर्यादेच्या वर (बहुतेक २७० च्या आसपास लावलेली असते) व्होल्टेज गेलं की तोडतो आणि नीट झाल्यावर थोडं थांबून पुन्हा जोडतो. त्या थांबण्याचा फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही फायदा.

धायरीकर
एवढी वर्षं आम्ही त्या बिचाऱ्या काट्याला शिव्या घालतोय.

सोसायटीचा_बकरा (म्हणजे चेअरमन)
काट्याला शिव्या घातल्या तरी त्याचा अपमान झाला असं नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७५० च्या दशकात सांगितलं तेच काम तो अजून करतोय, म्हणजे वीज बिल्डिंगवरच पडली तर तिला भिंती, टाकी, काँक्रीट फोडू न देता जाड पट्टीवरून जमिनीत नेणं. तुमच्या टीव्हीशी त्याचा करार नाही.

आमच्याकडे एक विक्रेता आला होता, म्हणे आमचा खास अरेस्टर बसवा, एकाच काट्यात आख्खी सोसायटी कव्हर, शेजारची फुकटात. मी आपलं कमिटीत विषय ठेवला. एक मेंबर याच क्षेत्रातले निघाले, त्यांनी सांगितलं की आपल्याकडचं मानक आयएस/आयईसी ६२३०५, त्यात ही असली वाढीव त्रिज्या धरतच नाहीत, साधे काटे आणि पट्ट्यांची जाळी नीट बसवा आणि प्रत्येक पट्टी खाली अर्थ पिटपर्यंत (अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत) अखंड आहे का बघा. मग गच्चीवर जाऊन बघितलं तर वॉटरप्रूफिंगवाल्यांनी पट्टी कापून बाजूला गुंडाळून ठेवलेली. काटा दिमाखात उभा, खाली काहीच जोडलेलं नाही! तुम्ही सगळे एकदा आपापल्या गच्चीवर जाऊन या.

तापकीर_गल्लीवाला
अगदी अगदी. आणि पट्टी असली तरी खालचा पिट बघा. पुण्यात जमिनीखाली काळा कातळ, मुरूम, त्यात अर्थिंग आधीच अवघड. अरेस्टरच्या अर्थिंगला १० ओहमच्या आत रीडिंग पाहिजे. ते पावसाळ्यात घेतलं की मस्त येतं, जमीन ओली असते ना. खरं रीडिंग एप्रिल-मेमध्ये घ्या, जमीन कोरडी ठणठणीत असताना. आणि वळवाची वीज पडते तीही त्याच दिवसांत, हे कुणी लक्षातच घेत नाही.

दुकानात येणारी गिऱ्हाईकं 'स्पाईक गार्ड द्या' म्हणतात आणि लांब वायरचं साधं एक्स्टेन्शन घेऊन जातात. लाल दिवा असलेला प्रत्येक बोर्ड स्पाईक गार्ड नसतो. खऱ्यामध्ये आत एमओव्ही नावाची गोल चकती असते, जास्त व्होल्टेज आलं की ती स्वतःवर घेते. पण दर वेळी थोडी थोडी मरते. तुमचा दहा वर्षं जुना स्पाईक गार्ड आता नुसता बोर्डच आहे असं समजा. आणि अर्थिंग नसेल तर तो पहिल्या दिवसापासून निम्माच चालतो.

नीट काम करायचं तर डीबीतच एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) बसवा, टाईप टू. सिंगल फेजला दोन-चार हजारांत चांगला येतो. त्याला खिडकी असते, हिरवी म्हणजे जिवंत, लाल झाली की बदला. वायरमनला सांगा त्याच्या वायरी आखूड ठेव, जोडणी सगळी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायर डीबीत सापासारखी गुंडाळून ठेवली तर एसपीडी असून नसल्यासारखा.

खवचट_खविस
दुकानदार गिऱ्हाईकाला 'हे घेऊ नका' सांगतोय, आणि तेही पुण्यात. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

तापकीर_गल्लीवाला
एक ते चार या वेळात लिहिलेलं मनावर घेऊ नका, झोपेत असतो.

वाड्यातली_चिऊ
नारायण पेठेतून हात वर. आमच्या वाड्यात अर्ध्या खोल्यांत अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत, अर्थिंग हा शब्दच नव्हता. मागे वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा वायरमनने तीन पिनांचा सॉकेट बसवून दिला आणि म्हणाला 'अर्थ दिला हो आतून'. आता तुमचं वाचून शंका येतेय की आतून म्हणजे कुठून?

ओहमचा_चेला
ताई, आजच्या आज ते मशीन वापरणं थांबवा आणि दुसऱ्या, लायसन्सवाल्या माणसाला दाखवा. बहुतेक त्याने सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून दिली असणार. रोज चालतंय असं वाटतं. ज्या दिवशी तुमच्याकडे येणारा न्यूट्रल तुटेल त्या दिवशी मशीनचा आख्खा पत्रा जिवंत होईल, आणि तुम्ही ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभ्या. वादळ असो नसो. वाड्यात मागच्या चौकात थोडी माती असेल तर तिथे अर्थ पिट घेता येतो, तिथून हिरवी वायर आणायची. आणि आरसीसीबी सगळ्यात आधी.

वाड्यातली_चिऊ
चौकात माती आहे, पण त्यावर दोन भाडेकरूंचा दावा चालू आहे. मशीनचा प्लग मात्र काढला आत्ताच.

पायाळू_पंत
मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. लहानपणी गडगडाट झाला की आजी मला घराच्या बरोबर मध्यभागी, पाटावर बसवायची आणि भावंडं माझ्यापासून लांब पळायची, माझ्यावर वीज पडणार म्हणून. दारातून विळा अंगणात भिरकावायची तो वेगळाच. यातलं काय खरं हो?

ओहमचा_चेला
पायाळू असण्याचा आणि विजेचा काडीचा संबंध नाही, आरशाचाही नाही. पण घराच्या मध्यभागी, खिडक्या-नळ-वायरींपासून लांब, कोरड्या लाकडावर बसवलं ही आजीची जागा मात्र उत्तम होती. भावंडांनी पण तिथेच बसायला हवं होतं.

सुगरण_नाही
आंघोळीचं उत्तर राहिलं बघा.

ओहमचा_चेला
त्यात तथ्य आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीपासून बाथरूमपर्यंत लोखंडी पाईप असतात, वर कुठे वीज पडली तर त्यातून करंट खाली येऊ शकतो. आता सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाईप) आलंय त्यामुळे धोका कमी, पण गिझर, त्याची अर्थिंग, शॉवरचा धातू आणि ओले आपण हे सगळं तिथेच. अर्धा तास पारोसं राहिल्याने कुणाचं काही अडत नाही. भांडी पण नंतर घासा.

नवरा_पार्टी
भांडी नंतर. हा मुद्दा प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

टेकडीवरचा
घरातलं ठीक आहे पण वेताळ टेकडीवर संध्याकाळी फिरायला येणारे लोक ढग आले की फोटो काढत उभे राहतात, तेही सगळ्यात उंच जागी, त्यांचं काय करायचं? साधा हिशोब आहे, लखलखाट दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, खाली उतरा, घरात नाहीतर गाडीत बसा. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडायचं नाही.

दामिनी अ‍ॅप टाका मोबाईलवर. आपल्या पाषाणच्याच आयआयटीएमने (हवामान संशोधन संस्थेने) केलेलं आहे, आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडतायत का ते दाखवतं. मराठीतही आहे.

राजगिरा
हे बेस्ट आहे! म्हणजे प्लग कधी काढायचे ते पण कळेल. पण मोबाईल वापरला तर वीज ओढली जाते ना? सासूबाई माझा फोन हिसकावतात.

टेकडीवरचा
नाही ओढली जात. वायर नसलेला मोबाईल निर्धोक. चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावणं वाईट, कारण मग तुम्ही भिंतीतल्या वायरीला जोडलेले. वायरचा लँडलाईन पण नको. लॅपटॉपचं तेच, बॅटरीवर खुशाल काम करा.

कोडमाकड
राउटरवर माझे दोन पैसे. फायबर असेल तर काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण खांबाखांबावरून येणाऱ्या बऱ्याच फायबर केबलला ताण घ्यायला स्टीलची तार जोडलेली असते, ती घरात आत आणू नका, बाहेरच कापून टाकायला सांगा. खरा शत्रू म्हणजे काही ठिकाणी अजून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबत जाणारी तांब्याची लॅन केबल आणि केबल टीव्हीची काळी वायर. मी टीव्हीचा प्लग काढलाय म्हणून निवांत असायचो, आणि मागे डिशची वायर तशीच खोचलेली. टीव्ही वाचवायचा तर प्लगबरोबर सेट-टॉप बॉक्समधली ती वायरही काढा. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, त्याचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढला तरी दोनेक तास राउटर चालतो. मीटिंगही वाचते, सासूबाईही खूश.

राजगिरा
@कोडमाकड, तुम्हाला आमच्या घरी चहाचं आमंत्रण.

सौरऊर्जेचा_सूर्या
गच्चीवर सोलर असणाऱ्यांनी वेगळं बघा. पॅनेल म्हणजे गच्चीवर पसरलेला लोखंडी सांगाडा. डीसीची अर्थिंग, एसीची अर्थिंग आणि अरेस्टरची, असे तीन पिट द्यायची पद्धत आहे. डीसी बाजूला वेगळा डीसी एसपीडी लागतो, घरातला चालत नाही. कोटेशन स्वस्त असेल तर आधी हेच उडवलेलं असतं. आणि मेन बंद केला तरी दिवसा पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत व्होल्टेज असतंच, तिथे हात नको.

मिसळ_विदाऊट_पाव
तसंच इन्व्हर्टरचं. आम्ही मेन पाडतो आणि इन्व्हर्टरवर पंखा चालू ठेवून म्हणतो घर सुरक्षित. न्यूट्रल तर सगळीकडून जोडलेलाच ना?

ओहमचा_चेला
अगदी तसं नाही. मेन पाडणं बटनांपेक्षा बरं, कारण बहुतेक ठिकाणी तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, आणि न्यूट्रलच्या भानगडीपासून तर पूर्ण वाचवतो. विजेच्या सर्जला मात्र तीही शेवटी फटच.

एलआयसी_नाही_मी
विम्याबद्दल कोणीच बोललं नाही. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते, त्यात वीज पडून घराचं नुकसान कव्हर आहे. पण वगळलेल्या गोष्टी वाचा. विजेच्या उपकरणाचं शॉर्टसर्किट, जास्त दाब, आर्किंग वगैरेने झालेलं नुकसान त्या उपकरणापुरतं वगळलेलं असतं, कारण वीज पडणं असलं तरी. म्हणजे टीव्ही जळला तर टीव्हीचे पैसे नाहीत, त्या टीव्हीमुळे शोकेस पेटलं तर शोकेसचे मिळतील. उपकरणासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

खवचट_खविस
म्हणजे शोकेसमध्ये काचेचा ताजमहाल आणि रुखवताचं सामान ठेवलंय ते सेफ. वाचलो.

जून_जुलै
मला एक कळत नाही, पावसाळा सुरू झाल्यावर हे धागे थंड पडतात. तेव्हा नको का काळजी घ्यायला?

टेकडीवरचा
जून-जुलैच्या संततधारेत पुण्यात गडगडाट कमीच असतो, खरा धिंगाणा वळवाचा आणि मग परतीच्या पावसाचा. पावसाळ्यात वेगळी काळजी. ओला लोखंडी खांब, डीपीच्या (रस्त्यावरच्या विजेच्या पेटीच्या) आसपासचं साचलेलं पाणी, गच्चीवर कपडे वाळत घालायची लोखंडी तार. त्या तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधा, पाच मिनिटांचं काम आहे.

राजगिरा
सगळ्यांचे आभार. वायरमन रविवारी येतोय, एसपीडी आणि व्होल्टेज प्रोटेक्टर दोन्ही बसवतोय, त्याआधी अर्थिंग तपासणार. नवऱ्याला गच्चीवर पट्टी बघायला पाठवलं होतं, पट्टी आहे, पण एका ठिकाणी तिला कोणीतरी कपड्यांची तार बांधलीय. सासूबाईंना प्लगचं पटलं. आरशावरचा टॉवेल तसाच राहणार असं त्यांनी जाहीर केलंय, त्यावर चर्चा नाही.

फक्त एक अडचण. फ्रिजचा प्लग फ्रिजच्या मागे आहे आणि फ्रिज फर्निचरमध्ये असा बसवलाय की हात जात नाही. दर वेळी दोन माणसांनी ओढायचा का?

तापकीर_गल्लीवाला
रविवारी वायरमन येतोच आहे तर त्याच्याकडूनच सॉकेट बाजूच्या भिंतीवर हात पोचेल असा काढून घ्या. तीन पिनांचा, १६ अँपियरचा. आणि फ्रिजची वायर आखूड पडली तर मध्ये एक्स्टेन्शन लावू नका.

नवरा_पार्टी
आणि सुताराला पण बोलवून ठेवा, वायरमन फर्निचरला भोक पाडताना विचारत नाही.